मार्गदर्शिका नसरापुरात बसून लिहा

प्रति,
मा. संचालक,
राज्य मराठी विकास संस्था, मुंबई



पत्र खुलं लिहितो आहे, कारण विषय आपल्या टेबलापुरता नाही. संगणक शिकवणारे, अनुवाद करणारे, मुक्त सॉफ्टवेअरच्या नादी लागलेले अशा सगळ्यांनी यात लक्ष घालावं अशी इच्छा आहे. मागणी एका ओळीची आहे: इमॅक्स हा एडिटर नव्याने हाती घेणाऱ्यासाठी संस्थेनं एक मराठी मार्गदर्शिका करून घ्यावी. ती कशी असावी आणि कशी नसावी, हे सांगायला मात्र बरीच जागा लागेल.

मी नसरापूरच्या बाजारपेठेजवळ एका खोलीत शनिवार-रविवार मुलांना संगणक शिकवतो. हायवेवरून चेलाडी फाट्याला आत वळलं की नसरापूर, आणि इथून पुढे मार्गासनीवरून रस्ता वेल्ह्याला जातो. त्यामुळे भोरची आणि वेल्ह्याची, दोन्हीकडची मुलं येतात. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण एसटीत बसणारा माणूस अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतो.) संगणक जुने, कुणीतरी दिलेले, त्यांवर लिनक्स घातलेलं. पावसाळ्यात डोंगराकडच्या गावांत वीज आणि नेटवर्क दोन्ही भरवशाचे नसतात, आणि नसरापुरातही इंटरनेट म्हणजे माझ्या फोनचंच.

इमॅक्सच का, हे आधी सांगतो. १९७६ साली एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून त्याचं पहिलं रूप घडलं. १९८५ पासून ग्नू इमॅक्स म्हणून तो मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची ख्याती अशी की तो हवा तसा वळवता येतो: रंग, फॉन्ट, कळा, आज्ञा, सगळं. एके काळी इंजिनिअर लोक त्याची टर उडवायचे की हा आठ मेगाबाइट मेमरी खातो. आज फोनमधला एक फोटोसुद्धा तेवढा असतो, आणि आमच्या खोलीतल्या थकलेल्या यंत्रांवर इमॅक्स आरामात चालतो. एकदा बसवला की त्याचं संपूर्ण मॅन्युअल, शिकवणी आणि तक्ते करणारा ऑर्ग-मोड सगळं आतच असतं. नेट नसलं तरी अडत नाही. तरीही ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप आणि घरी वायफाय आहे, त्यानं २०१५ साली आलेला व्हीएस कोड वापरावा. तो सुरुवातीला सोपा आहे हे मान्य न करणं म्हणजे हट्ट झाला.

पण मराठी लिहिणाऱ्याच्या बाजूनं इमॅक्समध्ये एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. लिनक्सवर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू केला की सगळ्याच कळा मराठी होतात. मग फाइल सेव्ह करायला कंट्रोल धरून एक्स दाबावं, तर त्या कळेवर अनुस्वार बसलेला. इमॅक्स म्हणतो, ही आज्ञा मला ठाऊक नाही. विम या दुसऱ्या प्रसिद्ध एडिटरमध्ये हाल याहून वाईट. तिथे खाली जायला जे आणि वर जायला के ही अक्षरं दाबायची. इनस्क्रिप्ट चालू असताना तिथून र आणि क निघतात आणि विम ढिम्म बसतो. ओळ पुसायला डी दोनदा दाबावं, तर दोन हलन्त. विमलाही यावर तोडगे आहेत, पण ते सेटिंगच्या फाइलीत लिहावे लागतात, म्हणजे नवख्याच्या आवाक्याबाहेर. इमॅक्सकडे मात्र मराठी लिहिण्याची पद्धत स्वतःच्या पोटात आहे. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा, इमॅक्समध्ये कंट्रोल धरून उलटी तिरपी रेघ दाबायची, की मजकूर देवनागरीत आणि आज्ञा जिथल्या तिथे. परत तीच कळ दाबली की इंग्रजी. मुलांना हे दाखवलं की पुढचा अर्धा तास ती नुसती रेघच दाबत बसतात.

एवढं सगळं असूनही इमॅक्सला नवखा माणूस टिकत नाही, आणि मला वाटतं याचा दोष शिकवणाऱ्यांच्या लिखाणाकडे जातो. बहुतेक मार्गदर्शिका अशा माणसानं लिहिलेल्या असतात ज्यानं वर्षानुवर्षं आपला एडिटर सजवला आहे. तो दुसऱ्याच पानावर सेटिंगची लांबलचक फाइल देतो, वीसएक पॅकेजं उतरवायला सांगतो, चार रंगसंगती सुचवतो आणि म्हणतो, आता तुमच्या आवडीप्रमाणे ठरवा. अहो, ज्यानं काल पहिल्यांदा फाइल सेव्ह केली त्याला कसली आवड! आवड वापरातून येते. कशातून निवडतोय हेच माहीत नसताना समोर निवड आली की माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेला मुलगा ‘सर, पुढच्या शनिवारी येतो’ असं म्हणून येत नाही. शिवाय ती पॅकेजं नेटवरून उतरायची असतात. मधे रेंज गेली की इंग्रजी चुकांनी भरलेली खिडकी उघडते, आणि मुलाला वाटतं की संगणक आपण बिघडवला.

म्हणून पहिली अट अशी की मार्गदर्शिकेनं सगळे निर्णय स्वतः घ्यावेत. फॉन्ट एकच सांगावा, आणि तो आपल्या संस्थेनंच प्रसिद्ध केलेला यशोमुद्रा असावा. कित्येक फॉन्ट आपोआप हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात, आणि ते बघत वाढलेल्या मुलांना पुढे मराठी वळणच परकं वाटायला लागतं. आवृत्ती एकच सांगावी, २९वी किंवा तिच्यापुढची; २७वीच्या आधीच्या आवृत्त्यांवर तर वेळच घालवू नये, कारण हार्फबझ हे जोडाक्षरं नीट जुळवणारं यंत्र इमॅक्सला २०२० साली २७व्या आवृत्तीत मिळालं. सेटिंगची फाइल लिहायला सांगूच नये. वरच्या ऑप्शन्स मेनूतून फॉन्ट निवडता येतो, भाषा निवडता येते, आणि त्याच मेनूतल्या सेव्ह ऑप्शन्सवर टिचकी मारली की सगळं कायम राहतं. जाणकार लोक या मेनूला नाक मुरडतात. मुरडोत.

त्याच मेनूत कट-कॉपी-पेस्टच्या ओळखीच्या कळा चालू करायची सोय आहे. तिचं नाव सीयूए. ती पहिल्याच दिवशी चालू करून द्यावी. कारण सांगतो. मोबाइल आणि सायबर कॅफेवर वाढलेला मुलगा काही चुकलं की कंट्रोल-झेड दाबतो. हे बोटांत इतकं मुरलेलं असतं की डोक्याला विचारावं लागत नाही. इमॅक्समध्ये मुळात कंट्रोल-झेडनं खिडकी खाली दडते. तासभर खपून गावच्या यात्रेवर लिहिलेला निबंध डोळ्यांदेखत नाहीसा झाल्यावर गुंजवण्याच्या एका मुलीचा चेहरा कसा झाला होता ते मला दिसतं अजून. निबंध कुठे गेला नव्हता, खालच्या पट्टीत होता. पण ही गोष्ट तिला मी सांगून चालत नाही. मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर असायला हवी. त्याच पानावर सुटकेची कळही हवी. चुकून भलतंच काही दाबलं की इमॅक्स सगळ्यात खालच्या ओळीत प्रश्न विचारतो आणि तिथेच अडून राहतो. कंट्रोल-जी दाबलं की सुटतो. तरी नाही सुटला तर एस्केप तीनदा. पोहायला शिकवताना आधी काठाला धरायचं कसं ते शिकवतात.

यानंतर मार्गदर्शिकेत एकच फाटा फुटावा, आणि तो बोटांचा. भोर-वेल्ह्यातून जी मुलं येतात त्यांची बोटं तीन प्रकारची असतात. काहींनी टायपिंग क्लास केलेला असतो. राज्य परीक्षा परिषदेची मराठी तीस शब्दांची परीक्षा पास झाल्याशिवाय लिपिकाच्या कित्येक जागांना अर्जच करता येत नाही, म्हणून पोरं क्लासला जातात, आणि तिथे जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीचा सराव होतो. दुसरी, आणि संख्येनं सगळ्यांत जास्त, फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारी. तिसरी कोरी पाटी.

कोऱ्या पाटीला सरळ इनस्क्रिप्ट द्यावा. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणात तो आला, व्यंजनं उजव्या हाताला आणि स्वर-मात्रा डाव्या हाताला, आणि एकदा बसला की कन्नड-गुजरातीलाही तीच जागा. भोर लिहायचं तर शिफ्ट धरून वाय, मग ए, मग जे, तीन कळा. राजगडला पाच, एकदाही शिफ्ट नाही. दऱ्या लिहिताना शिफ्ट-जेनं येणारा ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त जोडायचं. हे एक उदाहरण आमच्या सह्याद्रीकडच्या मुलांना पहिल्याच दिवशी द्यावं, कारण दऱ्या, वाऱ्या, पायऱ्या हे त्यांच्या प्रत्येक निबंधात येतं आणि नाही जमलं की ती शब्दच टाळतात.

फोनवाल्यांसाठी इमॅक्समध्ये आयट्रान्स नावाची पद्धत आहे, पण तिथे एक खड्डा आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिका तो दाखवत नाहीत. फोनवर बी-एच-ओ-आर लिहिलं की फोन अंदाजानं भोर देतो. आयट्रान्स अंदाज करत नाही. शेवटी ए दिला नाही तर भोर् असं लंगडं अक्षर उभं राहतं. मुलाला वाटतं फॉन्ट खराब आहे. एक ओळ लिहून ठेवली की शेवटचा ए द्या, तर हा गैरसमज होणारच नाही. रेमिंग्टनवाल्यांची सोय इमॅक्सच्या स्वतःच्या पद्धतींत नाही. त्यांना तसं स्पष्ट सांगावं. महिनाभर बोटं अडखळतील, परीक्षा तोंडावर असेल तर आधी परीक्षा द्या आणि मग या. कुणाला आशेला लावून अर्ध्यात सोडण्यापेक्षा हे बरं.

आता काम. पहिल्या धड्यात टिपणं लिहायला लावणाऱ्या मार्गदर्शिका मला आवडत नाहीत. टिपणं तर वहीतही लिहिता येतात. राजगडाच्या पायथ्याला ज्यांच्या घरी ट्रेकवाले जेवायला-राहायला येतात, त्या घरच्या पोरांना हिशोब ठेवायचा असतो: तारीख, कुणाच्या नावानं, माणसं किती, पिठलं-भाकरीची ताटं किती, आगाऊ किती दिले, बाकी किती. ऑर्ग-मोडमध्ये उभी रेघ ओढत शब्द लिहीत गेलं आणि टॅब दाबलं की तक्ता आपोआप सरळ होतो, आणि सूत्र दिलं की खाली बेरीजही येते. हा आमच्या खोलीतला सगळ्यात यशस्वी धडा. आणि यातच दोन अडचणी आहेत. देवनागरी शब्दांची रुंदी इमॅक्सला नेमकी मोजता येत नाही, त्यामुळे मराठी तक्त्याच्या रेघा जराशा वाकड्या दिसतात. दुसरं, आकडे देवनागरीत घातले की बेरीज होत नाही. आकडे इंग्रजीच लागतात. आपली संस्था देवनागरी आकड्यांचा आग्रह धरेल आणि तो योग्यच आहे, पण मार्गदर्शिकेनं इथे खरं ते लिहावं. रेघा वाकड्या दिसतील, हिशोब चुकणार नाही, असं आधी सांगितलेलं असलं की मूल पुढे जातं. न सांगता वाकड्या दिसल्या की तिथेच अर्धा तास जातो.

इमॅक्सची स्वतःची शिकवणी आहे आणि ती उत्तम आहे. कंट्रोल-एच आणि मग टी दाबलं की उघडते. तिची खुबी अशी की वाचायचा मजकूर हीच सरावाची फाइल असते: वाचता वाचता तिच्यातच फिरायचं, तिच्यातलंच पुसायचं. समासात दोन बाणांची खूण आली की थांबून करून बघायचं. ती हिब्रूत आहे, थाईत आहे, एस्पेरांतोतसुद्धा आहे. मराठीत नाही. मला याचं आश्चर्य दुसऱ्या एका गोष्टीमुळे जास्त वाटतं: २०२३ साली आलेल्या २९व्या आवृत्तीत इमॅक्सनं मोडी लिपीत लिहिण्याची सोय दिली. मोडी! १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचं संस्थान, आणि इथल्या जुन्या घरांच्या ट्रंकांत अजून मोडी कागद निघतात. २०२३ मध्येच कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते आपण जाणता. मोडीचा फॉन्ट टाकला की तो कागद वाचून त्याच संगणकावर उतरवून घेता येईल, एवढी तयारी कुणीतरी करून ठेवली आहे. ती उघडायची कशी हे सांगणारं मराठी पान मात्र आपण लिहिलेलं नाही.

तेव्हा मार्गदर्शिकेच्या जोडीला ही शिकवणीही मराठीत यावी. शब्दाला शब्द लावून नको. मूळ शिकवणीत पुढच्या-मागच्या हालचालींना इंग्रजी आद्याक्षरं योजलेली आहेत. आपल्या मुलांना ती पाठ करायला लावण्यापेक्षा बाणाच्या कळा वापरा म्हणावं आणि पुढे सरकावं. त्यात मेटा नावाची एक कळ सारखी येते. ती बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही साध्या कीबोर्डवर नाही. फार जुन्या यंत्रांवर असायची. मराठीत तिथे सरळ आल्ट लिहावं आणि इतिहास तळटीपेत ठेवावा.

आता लिहायची रीत, आणि माझा खरा आग्रह इथे आहे. तज्ज्ञांची समिती नेमून, मुंबईत चार बैठका घेऊन ही मार्गदर्शिका करू नये. लिहिणारा एक माणूस असावा आणि त्यानं प्रत्येक पान नवख्याच्या शेजारी बसून तपासावं. बसावं आणि गप्प राहावं, हे महत्त्वाचं. मुलगा कुठे थांबला, कुठे मागचं पान उलटलं, कुठे शेजारच्याला विचारलं, तिथे पेन्सिलीनं खूण करायची. ज्या ओळीवर दोन मुलं अडली ती ओळ मुलांची चूक नसून लेखकाची आहे असं धरून परत लिहायची. हे काम मुंबईतल्या वातानुकूलित दालनात होत नाही. तिथे सगळ्यांना सगळं समजल्यासारखं वाटतं. नसरापूरला या. स्वारगेटहून भोरची गाडी धरली की चेलाडी फाट्याला उतरता येतं. आमची खोली, आमची यंत्रं आणि चहा हजर आहे. वेल्ह्याची मुलं दुपारी परत निघतात, तेव्हा सकाळीच पोहोचलेलं बरं.

पुस्तिका कागदावर छापावी, आठ-दहा पानांच्या आत. वाचायचं आणि करायचं एकाच पडद्यावर असलं की नवखा खिडक्यांच्या गर्दीत हरवतो. मांडीवर कागद आणि समोर पडदा हे जास्त चांगलं चालतं. छपाईला जास्त खर्च येणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून भाषेसाठी काय काय करायचं याच्या याद्या सगळीकडे तयार होत आहेत. त्यातल्या एखाद्या यादीच्या तळाशी हे बसावं.

एक कायद्याची बाब राहिली, आणि तिच्यावरच हे सगळं अडू शकतं म्हणून शेवटी ठेवली आहे. मराठी शिकवणी इमॅक्सच्या आतच जायची असेल, म्हणजे जगात कुणीही तो बसवला की ती आपोआप मिळावी, तर लिहिणाऱ्याला आपले हक्क लेखी करारानं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवावे लागतात. शासकीय कामात लेखकाशी होणाऱ्या करारात हक्क उलट शासनाकडे राहतात. दोन्ही एका वेळी जमणार नाही. काम झाल्यावर हे लक्षात आलं तर पुस्तिका गोदामात राहील, म्हणून लेखक नेमण्याआधी विधी विभागाकडून हे कलम मोकळं करून घ्यावं. कागदावरच्या मार्गदर्शिकेला ही अट लागू नाही. ती मुक्त परवान्यानं काढली की पुरे, म्हणजे उद्या अक्कलकुव्याच्या एखाद्या शिक्षकाला तिच्यातला राजगड काढून तोरणमाळ घालता येईल.

या कलमाबद्दल आपल्याकडे कुणाशी बोलायचं, तेवढं कळवावं. पहिल्या तीन पानांचा मसुदा आमच्याकडे आहे. मुलांनी त्यावर पुष्कळ खुणा केल्या आहेत. तो खुणांसकटच पाठवतो.



आपला,
नसरापूरचा एक संगणक शिक्षक
ता. भोर, जि. पुणे